बाजूचा वारा

ही गोष्ट मी बरीच वर्षे टाळली. सांगायला जागा मिळाली नाही असे नाही. निवृत्तीच्या निरोपसमारंभात माइक हातात दिला होता, तेव्हा टाळली. बायको हयात असताना तिने एकदा सरळच विचारले होते, "बोरीचं नाव निघालं की तुम्ही उठून काहून जाता?" तेव्हा पाणी प्यायला उठलो म्हणून सांगितले. आता माझी अब्रू जपण्यात कोणाचा फायदा उरलेला नाही, माझाही नाही. शिवाय या गोष्टीतल्या एका मुलीला मी एक खोटे सांगितले आहे आणि तिने ते खरे मानले आहे. ते दुरुस्त करण्यापुरते तरी लिहिले पाहिजे.

यवतमाळच्या बाहेर एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मी मेकॅनिकल शिकवत होतो. शेवटची काही वर्षे विभागप्रमुख होतो. मारेगाव, ढाणकी, दारव्हा, अशा सगळीकडून पोरे येत. पुण्याला जाता आले नाही म्हणून आमच्याकडे आलेली पोरे, आणि पुण्याला नोकरी मिळाली नाही म्हणून त्यांना शिकवणारे आम्ही. याच विभागात संगणकावर वाऱ्याचे सिम्युलेशन करण्याची एक प्रयोगशाळा मी उभी केली होती. मोठ्या मोटार कंपन्यांकडे वारा सोडायचे बोगदे असतात. आमच्याकडे एका खोलीत मांडलेले संगणक होते आणि ते तापून बंद पडू नयेत म्हणून खिडकीत बसवलेला कूलर होता.

काम समजायला अवघड नाही. गाडीचा आकार संगणकात काढायचा. तिच्याभोवतीच्या हवेचे बारीक बारीक खण पाडायचे, त्याला मेश म्हणतात. मग एका बाजूने वारा सोडायचा. प्रत्येक खणातला दाब आणि वेग संगणक शेजारच्या खणाशी ताडून पाहत राहतो, सगळ्यांचा मेळ बसेपर्यंत. मेळ बसला की रंगीत चित्र मिळते. दाब जास्त तिथे लाल, हवा खेचून घेते तिथे निळे. या चित्रांचा एक दोष मला तेव्हाही माहीत होता. ती चुकीची असली तरी तितकीच सुंदर दिसतात.

आमची सगळी पोरे प्रकल्पासाठी परदेशी मोटारींचे आकार घ्यायची, कारण ते इंटरनेटवर आयते मिळत. एका वर्षी एक मुलगी म्हणाली, "सर, मी आमच्या इकडची गाडी घेऊ का? कापसाची."

ती बोरी अरबची. तिचे वडील स्वतःची पिकअप चालवायचे. हंगामात कापूस, नंतर तूर-सोयाबीन, आणि लग्नसराईत मंडपवाल्याच्या खुर्च्या. कापसाची पिकअप आमच्या भागात कशी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यासाठी सांगतो. डाल्याच्या, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागाच्या, फाळक्यांवर माणसाहून उंच जाळी उभी करतात, आत कापूस ओतून एकजण तो तुडवत राहतो आणि दुसरा वरून ओतत राहतो. गाडी दोन्ही अंगांनी फुगते. रस्त्याकडेच्या बाभळींना हंगामभर पांढरे पुंजके लटकलेले दिसतात, ते या गाड्यांतून उडालेले. आणि वेचणी करून दमलेल्या बाया घरी जाताना त्याच कापसावर बसतात. त्याहून मऊ बैठक त्यांना दुसरीकडे मिळत नाही.

त्याच सुमारास शहराबाहेरच्या रस्त्यावर गाड्यांच्या बॉड्या बांधणारा एक कारखानदार माझ्याकडे येऊ लागला. संस्थेत त्याची उठबस होती. जाळीऐवजी उंच पत्र्याचे, गुळगुळीत अंगाचे डाले बांधावे आणि कॅबिनवर गोल पत्रा चढवावा अशी त्याची कल्पना होती. त्या गोल पत्र्याला तो टोप म्हणायचा. कापूस उडणार नाही आणि वारा कापला गेल्याने डिझेल वाचेल. "सर, तुमच्या कॉम्प्युटरनं एकदा 'हो' म्हटलं ना, का मंग आपल्याले कोणाच्या बापाचं टेन्शन नाई," असे तो म्हणे.

संगणकाने 'हो' म्हटले. मुलीने जाळीची गाडी आणि टोपाची गाडी दोन्ही काढल्या, समोरून वारा सोडला, आणि टोपावरून हवा अशी सरकत गेली की मीच खुर्चीवरून उठलो. गाडीला मागे खेचणारी हवेची ओढ बरीच कमी झाली होती. मी ते चित्र मोठे छापून विभागाच्या दारात लावले. सगळी नोकरी मी दुसऱ्यांची पुस्तके शिकवण्यात घालवली होती. माझे म्हणावे असे काही नव्हते. आता लोक चित्रापुढे थांबून विचारत, "हे सरांचं काय?" आणि मी मुलीचे नाव सांगायच्या आत शिपाई सांगून मोकळा होई, "हो, सरायचं." मी त्याला कधी दुरुस्त केले नाही.

पहिला टोप कोणाच्या गाडीवर बसवायचा हा प्रश्न निघाला, तेव्हा मीच म्हणालो, "हिच्या वडिलांच्या गाडीवर बसवा." कारखानदाराने फुकट बसवून देतो म्हटले. मुलगी इतकी आनंदली की वडिलांना दुसऱ्याच दिवशी घेऊन आली. ते प्रयोगशाळेच्या दाराबाहेर चपला काढून उभे राहिले. चपला घालून या म्हटले तरी त्यांनी ऐकले नाही. पडद्यावरची गाडी त्यांनी वाकून पाहिली.

"ही माही गाडी आहे का सर?"

"तुमचीच."

"समोरून लाल काहून दिसून राह्यली?"

"तिथं वारा आपटतो, भाऊ."

"मंग मागच्या निळ्यात तिले बरं वाटत असन," ते म्हणाले, आणि सगळी खोली हसली. मुलगी लाजून म्हणाली, "बाबा, सर आहेत." ते म्हणाले, "सरायलेच तं सांगून राह्यलो."

नवा डाला आणि टोप बसला. गाडी गावात गेली तेव्हा पोरे मागे धावली म्हणे.

मुलगी मात्र चित्रावर थांबली नाही. तिने डाल्यावर लहान लहान ठोकळे काढून ठेवले. मी विचारले, हे काय? ती म्हणाली, "सर, ह्या बाया."

शेजारच्या पोराने विचारले, "याच्यातली तुही आई कोणती?"

"ते कोपऱ्यातली. ते कोणाले जागा देत नाई."

मलाही हसू आले. पण मी म्हणालो, "काढ ती माणसं. मालगाडीवर माणसं बसवणं बेकायदेशीर आहे. बेकायदेशीर गोष्टीचं सिम्युलेशन आपण करत नसतो." सगळे पुन्हा हसले. तिने ठोकळे काढले. अशा रीतीने आमच्या मॉडेलमध्ये कायदा पाळला गेला. रस्त्यावर तो कधी पाळला गेला नव्हता, हे मला माहीत होते. मी शेतकऱ्याच्या घरातला. माझी स्वतःची आई कापसावर बसून घरी आलेली मी पाहिली आहे.

मग तिने वारा वळवला. समोरून सोडण्याऐवजी तिरपा, बाजूने सोडला. प्रकल्पांच्या प्रदर्शनाची तयारी चालू होती, कॉलेजची पाहणी करायला बाहेरून पथक यायचे होते, आणि ती चित्र घेऊन माझ्या केबिनमध्ये आली. टोपाच्या एका कोपऱ्यावर गर्द निळा डाग होता.

"सर, समोरून वारा सहज सरकावा म्हणून आपण कोपरे गोल केले. पण बाजूनं वारा आला का त्याच गोल कोपऱ्यावर हवा खेचून राह्यली. गाडीचं तोंड वाऱ्यापासून दूर ढकललं जाते. जाळीच्या गाडीत एवढं होत नाही. आणि वर बाया बसल्या असल्या तर…"

"बाया काढल्यात ना आपण?"

"काढल्या सर. पण बसतातच ना त्या."

तिचे म्हणणे मला पहिल्या वाक्यातच समजले होते. हे पुस्तकात आहे. समोरच्या वाऱ्याला चांगला असलेला आकार बाजूच्या वाऱ्यात गाडीचे तोंड फिरवतो, हे मी स्वतः फळ्यावर शिकवलेले आहे. मी म्हणालो, "तुझा मेश कच्चा आहे. कच्च्या मेशवर काहीही उलटतं." ती म्हणाली, "मंग बारीक करून पाहू का?" मी म्हणालो, "प्रदर्शन झाल्यावर पाहू. आणि डिस्क भरली आहे, पथकासाठी व्हिडिओ बनवायला जागा लागेल. हे काढून टाक."

आमच्या प्रयोगशाळेची ही नेहमीचीच रीत होती. डिस्क लहान होत्या, नवे चालवायचे तर जुने पुसायचे. कोणाला त्यात काही वावगे दिसले नसते. तिने माझ्यासमोरच पुसले. मी तिला म्हणालो, "शाबास."

पथक आले, व्हिडिओ पाहिला, चहा घेतला, गेले.

फाल्गुनात कपाशीची शेवटची वेचणी चालते, फरदड म्हणतात तिला. त्या दिवसांत दुपार कलताना कधी कधी एकदम वावधान उठते, धुळीचे लोटच्या लोट घेऊन. तिचे वडील अर्धा डाला भरून आणि वर बाया घेऊन परत येत होते. गावाआधी पुलाकडे चढणारा उंच भराव आहे. तोवर रस्त्याला झाडांचा आडोसा होता. गाडी आडोशातून भरावावर आली आणि वारा बाजूने बसला. गाडी भरावाखाली जाऊन आडवी झाली. बऱ्याच बाया कापसात पडल्या म्हणून वाचल्या, खरचटण्यावर भागले. एकीच्या पायावर डाल्याचा पत्रा आला. ती त्यांची सख्खी वहिनी, मुलीची मोठी आई. ती पुढे कधी आधाराशिवाय चालली नाही.

मुलीचे वडील सगळ्यांना एकच सांगत होते, "गाडीचं तोंड सोतःहून फिरलं." लोक ते वाक्य नक्कल करून एकमेकांना सांगू लागले. पिऊन होता म्हणाले. त्या माणसाने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. ते घर बौद्धांचे, आणि गाडी गावातल्या काही लोकांच्या डोळ्यांत आधीपासून सलत होती. आमच्या स्टाफरूममध्येही एकजण म्हणाला, "ह्या लोकायच्या हाती गाडी देली का असंच होते." मी चहा पीत होतो. पीत राहिलो. दोष त्या माणसाला किती सहज चिकटेल हे मला त्या घोटाला समजले होते, आणि खरे सांगायचे तर मला त्यामुळे हायसे वाटले होते.

अपघाताच्या चौकशीला एक सरकारी साहेब आले. त्यांनी विचारले, "सर, बॉडीत काही फॉल्ट असू शकते का?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. समोरच्या वाऱ्याचे चित्र दाखवले. "बघा, हवा कशी सरळ निघून जाते."

"आपल्याले याच्यातलं काय समजते सर. तुम्ही लिहून द्या, आम्ही जोडतो."

मी लिहून दिले. बॉडीच्या रचनेत दोष आढळत नाही, चालकाचा ताबा सुटला असावा. 'असावा' हा शब्द मी मुद्दाम घातला होता. पुढे कधी अंगावर आले तर त्या शब्दाच्या आड उभे राहता येईल, इतका विचार मी केला होता.

त्याच संध्याकाळी मी कारखानदाराला फोन केला आणि म्हणालो, "टोप बांधणं बंद कर. बांधलेले कापून टाक." त्याने काही विचारले नाही. "समजलं सर," म्हणाला, आणि खरोखरच सगळे टोप भंगारात गेले. म्हणजे मला माहीत नव्हते असे म्हणायची सोय मी स्वतःच ठेवलेली नाही. ज्याच्या धंद्याचे नुकसान होऊ शकत होते त्याला मी वेळेवर सावध केले. ज्याचे नाव गेले त्याला नाही.

मुलगी काही दिवसांनी आली. डोळे सुजलेले होते, पण आवाज स्वच्छ होता.

"सर, ते बाजूच्या वाऱ्याचं…"

"ते तू पुसलंस ना?"

"तुम्ही सांगतलं म्हणून."

"मग आता काय दाखवशील?"

"परत चालवता येईल सर."

"येईल. आणि लोक काय म्हणतील? बापाला वाचवायला पोरीनं चित्र काढलं म्हणतील. तुझ्या वडिलांची अजून शोभा होईल. आणि मेश कच्चाच होता तुझा. मी तेव्हाही सांगितलं होतं."

तिच्या तोंडावर मला दिसत होते की ती माझ्यावर विश्वास ठेवायचा प्रयत्न करत आहे. मी तिचा सर होतो. चार वर्षे मी तिला जे जे सांगितले ते खरे निघाले होते. शेवटी ती म्हणाली, "ठीक आहे सर." तिच्या प्रकल्पाला मी वर्गात सर्वांत जास्त गुण दिले, आणि तिला पुण्याला घ्यावे म्हणून मोठ्या तोंडाने शिफारस केली. लोक याला माझा चांगुलपणा म्हणतात. तिचे वडीलही म्हणत.

त्यांचा परवाना काही काळ अडकला. परत मिळाला तेव्हा त्यांनी तो वापरला नाही. गाडी विकली आणि दारव्ह्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये चौकीदारी धरली.

मी निवृत्त झाल्यावर बऱ्याच वर्षांनी मुलीचा फोन आला. ती पुण्यात याच कामात होती. गाडी रस्त्यावर येण्याआधी संगणकावर तिला चारी बाजूंनी वारा लावून पाहणे हेच तिचे रोजचे काम. तिकडे बाजूचा वारा कोणी प्रदर्शन झाल्यावर पाहू म्हणत नाही.

"सर, मी ते परत चालवून पाह्यलं. आपली गाडी. चांगल्या मेशवर. बायाही बसवल्या."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"माझं तेव्हाचं बरोबर होतं सर. भरावावर तर वारा अजून जोरानं येते. बाबाच्या जागी कोणीही असतं तरी गाडी गेली असती. तुम्हाला तेव्हा माहीत होतं का?"

"नव्हतं," मी म्हणालो.

तिने ते मानले की सोडून दिले, मला आजही माहीत नाही. मग म्हणाली, "एक करा सर. तुम्ही बाबाले सांगा. मी सांगतलं तर त्यायले वाटन पोरगी मन राखते. त्यायले सोतःचीच चूक वाटते. झोप लागली असन म्हणतात. सुट्टीवर घरी असले का रोज सकाळी मोठ्या आईचं पाणी भरतात आणि तिच्यासमोर मान वर करत नाहीत. तुम्ही सांगतलं तर ते ऐकतीन. तुम्ही सर आहे."

मी हो म्हणालो. आणि गेलोही. बोरीच्या स्टँडवर उतरलो, विचारत विचारत घरी पोचलो. ते घरीच होते. मला पाहून धांदल उडाली. खुर्ची पुसली, मुलीच्या आईला चहा मांडायला सांगितले, स्वतः जमिनीवर बसले. वर बसा म्हटले तर म्हणाले, "मले खालीच जमते सर." भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याशेजारी मुलीचा पदवीच्या झग्यातला फोटो. ओट्यावर बाजेवर वहिनी तूर निवडत होत्या. काठी बाजेला टेकवून ठेवली होती.

"हे ते सर का?" वहिनींनी विचारले. "पोरगी साहेब केली बाप्पा यायनं. माह्या या दिराले पण काही शिकवाचं होतं. आता सायकलही हातात धरून नेते हा. बसत नाही तिच्यावर."

"वयनी," ते खाली पाहून म्हणाले.

"काय वयनी? खोटं आहे का? उतारावर तं सायकल याले ओढत नेते."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. तो केव्हाच वापरून संपला होता. उरली होती ती सवय. चहा आला. मुलीचे कौतुक झाले. पुण्यातला तिचा फ्लॅट, तिथल्या लिफ्टमध्ये हे कसे घाबरले ते सांगून झाले. मी दोनदा सुरुवात केली आणि दोनदा पावसापाण्यावर गेलो.

मग त्यांनीच विचारले. हे मी लिहून ठेवतो, कारण यानंतर मला कोणतीही पळवाट राहत नाही.

"सर, एक विचारू का? तुमी शिकलेले मानसं. त्या दिवशी मले असं वाटलं का गाडीचं तोंड सोतःहून फिरलं. मी हँडल नाही फिरवलं. असं होऊ शकते का?"

वहिनींचे हात तुरीत थांबले. त्या मान वर करून माझ्याकडे पाहू लागल्या. मुलीची आई दाराशी उभी होती. 'हो' एवढाच शब्द म्हणायचा होता. बाकीचे सगळे मागाहून सांगता आले असते, किंवा नसते सांगितले तरी चालले असते.

मी म्हणालो, "आता इतक्या वर्षांनी काय सांगावं, भाऊ. कशानंही होतं."

त्यांनी मान हलवली. "म्हंजे सोतःहून नाई होत ना. मले बी तेच वाटे. डुलकीच लागली असन माही."

वहिनी म्हणाल्या, "मी कवाची सांगून राह्यली याले," आणि पुन्हा तूर निवडू लागल्या.

निघताना त्यांनी घरच्या तुरीची डाळ बांधून दिली. नको म्हटले तर पिशवी हातात धरून स्टँडपर्यंत आले, एसटीत बसवले, खिडकीतून म्हणाले, "पोरीवर लक्ष असू द्या सर." गाडी हलेपर्यंत ते उभे होते.

दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. "सांगतलं का सर?"

"हो. बोललो."

"काय म्हणाले?"

"शांतपणे ऐकून घेतलं."

फोनवर ती रडली. मला म्हणाली, तुमचे उपकार कसे फेडू. तिच्या जागी मी असतो तर वडिलांना लगेच फोन लावून विचारले असते. पण ती वडिलांपुढे तो विषय कधी काढत नसे, आणि मी तेच हेरले होते.

गेल्या हिवाळ्यात ते वारले. तिचा मेसेज आला. त्यात तिने लिहिले होते की निदान खरे काय ते समजून, हलक्या मनाने गेले, तेवढे तुमच्यामुळे झाले. तो मेसेज मी पुसलेला नाही. उत्तरही दिलेले नाही.

म्हणून हे तिच्यासाठी. बाई, ते हलक्या मनाने गेले नाहीत. त्यांना कोणी काही सांगितले नव्हते. त्यांनी विचारले होते, आणि मी त्यांच्या घरचा चहा पिऊन गप्प बसलो. तू मला फोनवर विचारलेस तेव्हा 'नव्हतं' म्हणालो, तेही खोटे. तुझा मेश कच्चा होता की नाही हे मी कधी तपासलेच नव्हते. तुझ्या मोठ्या आईला हे वाचून दाखव. त्या जे म्हणतील ते मला कळवू नकोस असे म्हणायची इच्छा होते, पण कळव.

आणि त्या ओट्यावर, वहिनींच्या समोर, जे बोलायला मी गेलो होतो आणि जे आता ऐकायला ते नाहीत, ते एवढेच होते:

भाऊ, होऊ शकते. तसंच झालं. तुमाले डुलकी लागली नव्हती अन् तुमचा हातही चुकला नव्हता. तो टोपच तसा होता, अन् तुमच्या पोरीनं मले ते आधीच दाखवलं होतं. मी ते पुसाले लावलं, अन् मंग तुमचं नाव लिहून देलं. वयनीचा पाय माह्या माथी आहे, तुमच्या नाही. मान वर करा. मले माफ नाही केलं तरी चालन, पण मान वर करा.